पाणी न पाजलेलं कापड

अक्का तेरा वर्षांची झाली तरी आई तिला झगाच घालायची, आणि त्यावरून सगळं गाव आम्हाला हसायचं. झगा म्हणजे गळ्यापासून पोटरीपर्यंत एकसंध, ढगळ, लहान पोरींचा कपडा. सात-आठ वर्षांची झाली की पोर परकर-पोलक्यात यायची आणि शहाणी झाली की लुगड्यात. अक्काच्या बरोबरीच्या पोरी पदर सावरत सासरी गेल्याही होत्या आणि आमची अक्का अजून चिटेच्या झग्यातच होती. चीट म्हणजे बाजारातलं सगळ्यात स्वस्त छापील सुती कापड, फुलाफुलांचं, ठिपक्याठिपक्यांचं. पाणवठ्यावर बायका आईला विचारायच्या, "काय वं, लेक मोठी व्हायची हाय का न्हाय तुमची? का पाळण्यातच ठिवनार?"

आई म्हणायची, "तिचं अंगच बारीक हाय. बापाच्या वळणावर गेलीया."

आमचे वडील अंगानं चांगले दांडगे होते. पण त्यांना जाऊन पाच वर्षं झाली होती, वळण तपासायला ते आता कुणाला सापडणार नव्हते. आई खोटं बोलायची आणि मी, तिच्या पदराला धरून उभी असलेली नऊ वर्षांची पोर, मान हलवून साक्ष द्यायची.

हे सगळं कशासाठी, ते सांगते. अक्काचं लग्न तिच्या आठव्या वर्षी, वडील असतानाच, वाशीकडच्या एका घरात लागलं होतं. तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि आमच्याकडं अशीच रीत होती. लग्न लहानपणी लावायचं, पोर माहेरीच वाढायची, शहाणी झाली की साखर वाटून सासरी सांगावा धाडायचा. मग ते लुगडं घेऊन येत, तिला नेसवत आणि घेऊन जात. अक्काच्या लग्नाला वर्ष झालं नाही तोच त्या घरातली थोरली सून विहिरीत सापडली. पाय घसरला, असं ते म्हणाले. दोन वर्षांनी मधली सून त्याच विहिरीत सापडली. तिचाही पाय घसरला म्हणाले. एकाच घरातल्या बायकांचे पाय एकाच विहिरीवर इतके कसे घसरतात, हे गावात कुणी मोठ्यानं विचारलं नाही. आईनंही विचारलं नाही. तिनं सुई हातात घेतली.

शिवणं तिला शेजारच्या खालानं शिकवलं. खालाचा नवरा तहसिलीत चपराशी होता आणि ती आपल्या लेकींचे कुडते, इजारी घरीच शिवायची. दुपारी दोघी आमच्या ओसरीवर बसायच्या. आई मराठीत बोलायची, खाला दखनीत, आणि दोघींचं कधी अडलं नाही. सुई टोचू नये म्हणून आईच्या बोटात घालायला खालानं आपलं पितळी अंगुस्तान दिलं होतं. धावदोरा कसा, टीप कशी, काखेत चौकोनी तुकडा का घालायचा, हे सगळं तिचंच. आणि सगळ्याच्या आधी तिचा एक नियम असे. "पैले कपड्याकू पानी पिलाना, फिर कैंची. प्यासे कपड्यापर कैंची चलाए तो बाद में दगा देता."

कोऱ्या कापडात खळ असते. पहिल्या पाण्याला ते आटतं, आणि उभ्या धाग्यात आडव्यापेक्षा जास्त आटतं. म्हणून आणलं की दिवसभर भिजत घालायचं, वाळवायचं, मगच बेतायचं. आईनं हा नेम देवाच्या नेमासारखा पाळला. परातीत बुडवलेली चीट मला आठवते, आणि तिचा तो आंबूस, कांजीसारखा वास.

आईची खरी करामत मात्र दुमडीत होती. झगा शिवतानाच ती खालच्या घेराला तीन आडव्या दुमडी घालायची. पोर वाढली की एक दुमड उसवायची, झगा चार बोटं लांब व्हायचा, आणि बघणाऱ्याला वाटायचं, गेल्या वर्षी पायावर जिथं होता तिथंच आहे की, पोर काही वाढलेली दिसत नाही. पण यात एक खोट होती. दुमडीच्या आतलं कापड उन्हानं विटलेलं नसे. ती उसवली की झग्यावर एक गडद पट्टा राही. दोन दुमडी उसवल्या की दोन पट्टे. ज्या बाईला शिवणाची जाण आहे, ती ते पट्टे मोजून पोर किती वाढली ते बसल्या जागी सांगेल. अक्काच्या झग्यावर तिन्ही पट्टे दिसायला लागले होते, आणि उसवायला आता काही शिल्लक नव्हतं.

आणि नेमक्या त्याच वेळी कापड मिळेनासं झालं. तिकडं कुठं लढाई चालली होती, त्याची आम्हाला एवढीच खबर की दुकानात चीट नाही. रेशनच्या चिठ्ठीवर कापड मिळायचं ते एक धोतर आणि एखादं जाडंभरडं लुगडं. काकांनी ते आणलं आणि दाराशी लुगडं ठेवून ते आतल्या आईला म्हणाले, "थोरलीला हेच नेसवा आता. झग्याचा नाद सोडा."

काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. आम्ही त्यांच्याच घरात राहत होतो, त्यांच्याच शेतात आई राबत होती. ते काही वाईट नव्हते. त्यांनी वडिलांच्या माघारी आम्हाला कधी उपाशी ठेवलं नाही. पण त्यांच्या भावानं शब्द दिलेला होता, आणि तो मोडायचा तर त्यांना मान खाली घालून हिंडावं लागलं असतं. आई त्यांच्यासमोर बोलत नसे. दाराआड उभी राहून भिंतीला सांगावं तसं सांगायची. त्या दिवशी तिनं नुसतं लुगडं उचललं आणि पेटीत तळाला घातलं.

त्यानंतर महिन्याभरातच बांगड्या भरायला आलेल्या कासाराकडून अक्काच्या सासूचा सांगावा आला. काकांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगितला. सुगी झाली की सासू स्वतः सुनेला बघायला येणार. मोठी झाली असली तर लुगडं नेसवून घेऊन जाणार. अजून लहानच असली, तर त्यांच्या पोराला किती दिवस ताटकळत ठेवायचं, ते दुसरी पोर बघणार.

काका म्हणाले, "येऊ द्या. त्येंच्या डोळ्यांनी बघतील. मंजी आपल्यावर बोल न्हाय."

अक्का चार महिन्यांपूर्वीच शहाणी झाली होती. हे आईला, अक्काला आणि खालाला तेवढं ठाऊक होतं, आणि मला, कारण मी दाराआड उभी राहून ऐकण्यात पटाईत होते. सांगावा ऐकून आई मटकन खाली बसेल असं मला वाटलं. उलट तिच्या तोंडावर मी कित्येक महिन्यांत न बघितलेलं तेज आलं. तिला वाट दिसली होती. एकच दिवस निभावायचा होता. त्या एका दिवशी अक्का लहान दिसली की ते घर दुसरीकडं वळेल आणि ही सुटेल. दुसऱ्या कुणाची तरी लेक त्या विहिरीवर पाणी भरायला जाईल, हे आईला कळत नव्हतं असं नाही. मी तिला खालाशी बोलताना ऐकलंय. "पाप हाय खाला. पर म्या करनार."

खालानं तिच्याकडं बघितलंही नाही. सुईत दोरा ओवत म्हणाली, "नवा झगा होना. बगैर पट्टे का."

चीट मिळत होती ती बार्शीला. बार्शी इंग्रजी मुलखात, तिथं गिरण्या, तिथं माझी मावशी राहायची. मावशी आजारी असल्याची थाप मारून, महिनाभर चोरून साठवलेलं तुपाचं गाडगं पदराखाली घेऊन आई मला घेऊन बाजाराला जाणाऱ्या गाड्यांबरोबर निघाली. निघण्याआधी तिनं अक्काला उभी करून तिचं माप घेतलं. आमच्याकडं मापाची पट्टी नव्हती. एक लांब दोरा घ्यायचा आणि खांदा, छाती, बाही, उंची, जिथं माप संपेल तिथं गाठ मारायची. तो गाठींचा दोरा आईनं पोलक्याच्या आत ठेवला होता आणि वाटेत दहादा चाचपून बघितला.

तूप विकून साडेतीन वार चीट आली. जांभळ्यावर पांढरी बारीक फुलं. आता अडचण अशी की निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका लागे. तिथं वार-कापड सापडलं की धरायचे. पण शिवलेल्या, अंगात घातलेल्या कपड्याला कुणी हात लावत नसे. म्हणून आमच्याकडच्या बायका बार्शीतच शिवायच्या आणि अंगात घालून नाका ओलांडायच्या. कितीतरी जणी शिवण शिकल्या त्या या नाक्यापायी.

दुपार टळून गेली होती आणि गाड्या दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला परत निघणार होत्या. आई चीट मांडीवर घेऊन बसली. मावशी म्हणाली, "भिजवत न्हाईस?"

आईनं कापडाचं टोक हातात धरून सोडलं. खळीमुळं ते तसंच उभं राहिलं. ती म्हणाली, "भिजिवलं तर ह्ये अंगाला चिकटंल. कोरं कसं फुगून राहतंय बघ. आत अंग हाय का न्हाय कळायचं न्हाय." मग जरा थांबून, "अन् भिजवाय येळ बी न्हाय."

खालानं सांगितलेला नेम तिनं आयुष्यात त्या एकदा मोडला, आणि तोही पुरता विचार करून. कापड बेताचं होतं, म्हणून माप काटेकोर घेतलं. दोऱ्याच्या गाठी जिथं येतील तिथं कात्री. ढगळपणा सगळा छातीखालच्या चुण्यांत घातला आणि खाली तीन करकरीत नव्या दुमडी, पोर अजून वाढायची आहे हे सांगायला. एका टोकानं आई, दुसऱ्या टोकानं मावशी शिवत होती. टाके इतके बारीक की नखानं चाचपावे लागत. शिवून झाल्यावर आईनं मला जवळ घेतलं आणि बोट रोखून सांगितलं, "त्या बाया यिऊन जाईपत्तर ह्याला पान्याचा थेंब दावायचा न्हाय. कोरा ऱ्हायला पायजे."

मी व्हय म्हणाले. पण मला वाटलं ते वेगळंच. आमच्याकडं नव्या कपड्याच्या कोपऱ्याला हळदीकुंकू लावून मग घडी मोडतात, आणि तोवर त्याला पाणी लावत नाहीत, ते शुभ नसतं. आई त्याबद्दलच बोलते आहे असं मी समजले. कापड आटतं हे मला ठाऊक होतं. पण परातीतल्या कापडाचं ते आटणं आणि शिवून झालेला झगा, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना भेटल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी अक्काचा झगा मला घातला, कमरेशी दोरीनं वर बांधला आणि त्यावरून माझा जुना झगा चढवला. खळीचं कापड काखेत काचत होतं. ऊन चढलं तसा घाम फुटला. नाक्यावर गाड्या थांबल्या, सगळ्यांना खाली उतरवलं. एक जवान काठीनं गवत ढोसत होता. दुसरा आमच्यापुढं आला आणि आईला विचारलं, "कपडा है?" आईनं मान हलवली. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी तेव्हा काडीसारखी होते आणि अंगात दोन झगे असल्यानं मधेच फुगलेली. तो हसला. "छोकरीकू क्या खिलाते जी?" म्हणून त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

बिचाऱ्यानं दुसरं काहीच केलं नाही. पण तो हात डोक्यावर पडला आणि मला वाटलं, कळलं ह्याला. आता झगा काढून घेणार, आईला धरून नेणार, अक्का विहिरीत जाणार. मी उभ्या जागी भिजले. पायावरून धार गेली ती धुळीत जिरली. मी चाकाला चिकटून उभी राहिले. जवान पुढच्या गाडीकडं गेला होता, आई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. कुणी बघितलं नाही.

घरी पोचेपर्यंत वाऱ्याउन्हानं सगळं सुकलं होतं. वास तेवढा राहिला. आईला सांगायचं धाडस झालं नाही. नऊ वर्षांची घोडी, आणि भिजले म्हणून सांगू? मी दाराआड झगा उतरवला, घडी घातली आणि पेटीत ठेवला. आईनं विचारलं, "नीट ठिवलास?" मी म्हणाले, "व्हय." ती काकांची बोलणी खायला गेली, कारण तुपाचं बिंग फुटलं होतं.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. त्या वासाचा झगा घालून अक्का सासूपुढं बसणार, सासू नाकाला पदर लावणार, सगळं माझ्यामुळं नासणार, हेच डोळ्यांपुढं. अशुभ की घाण, यातलं काय बरं, याचा मी माझ्या बुद्धीप्रमाणं विचार केला. तिसऱ्या दिवशी आई शेतात गेल्यावर झगा पोटाशी धरून ओढ्यावर गेले. डोहात पाणी होतं. रिठ्यानं चोळला, दगडावर आपटला, पिळला आणि तापल्या खडकावर पसरला. मी मनात देवाला सांगितलं, याचा रंग जाऊ देऊ नको. देवानं ऐकलं. रंग पक्का निघाला. तो उतरला असता तर मी पकडले गेले असते, मार खाल्ला असता आणि आईला चार दिवस मिळाले असते. तिनं दुमडी उसवल्या असत्या, जुन्या झग्याचे तुकडे जोडले असते, काहीही केलं असतं. पण झगा वाळला तो स्वच्छ, मऊ, गोड वासाचा. मला तो पहिल्याइतकाच मोठा दिसला. माझ्या अंगाला तो मोठाच होता.

आईनं तो अक्काला घालून बघितला नाही. घडी सासू येईल त्याच दिवशी मोडायची, असं तिचं ठरलेलं. शिवाय घरात काकू होती, तिनं बघितला असता तर गावभर झालं असतं.

सुगी झाली आणि त्या आल्या. सासू आणि तिची एक वडीलधारी नणंद. सासू म्हणजे राकट, डोळे वटारणारी बाई असेल असं मी ठरवून ठेवलं होतं. आली ती मवाळ आवाजाची, ठेंगणी, हातातल्या गाठोड्यावरचा हात न काढणारी बाई. तिनं माझ्या हनुवटीला हात लावून "बाळ, जेवलीस का?" असं विचारलं. आई चुलीपुढं होती, तिला उठता येईना. काकूनं अक्काला हाक मारली. अक्का आतल्या खोलीत कपडे करायला गेली आणि मी तिच्यामागं.

तिनं पेटीतून झगा काढला, नेहमीप्रमाणं नाकाशी नेला आणि थांबली. नव्या कापडाचा कांजीचा वास नव्हता. रिठ्याचा होता. तिनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. बाहेरून काकूची दुसरी हाक आली.

"अक्का," मी म्हणाले, "नाक्यावर मी..."

"गप," ती म्हणाली. "हात वर करते, मागनं वढ."

मी ओढला. तो खांद्याशी अडला. पुन्हा ओढला, तेव्हा बसला, पण बाह्या मनगटाच्या कितीतरी वर राहिल्या, चुण्या चढल्या आणि घेर पोटरीच्या वर गेला. खळ गेल्यामुळं कापड फुगतही नव्हतं. ती मला तेव्हा एकाएकी मोठी दिसली. मी रडायला लागले. तिनं माझं तोंड आपल्या हातानं पुसलं आणि बाहेर गेली. मला वाटतं, अजूनही वाटतं, की तेव्हा तिला सगळं पुढचं कळून चुकलं होतं.

पाया पडायला ती वाकली आणि काखेतली शिवण चर्रकन गेली.

सासूनं तिला उठवलं, जवळ बसवलं. बाहीचं टोक बोटांत धरून टाके बघितले. "कुनी शिवला? लई झ्याक हात हाय." मग खालचा घेर उलटून तिनं दुमडी बघितल्या. तिन्ही शाबूत होत्या, एकही उसवलेली नव्हती. "झगा तर नवाकोरा हाय. अन् एवढ्यात आखूड?" ती नणंदेकडं बघून हसली. "इहीनबाई उगंच म्हनत व्हत्या बारीक हाय. पोर तर येलावानी वाढतीया."

आई चुलीपासून उठून दारात आली होती. तिनं अक्काच्या मनगटांकडं बघितलं. मी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं, आणि ते मी बघायला नको होतं.   तिच्याच झग्यानं साक्ष दिली होती. सासूनं गाठोडं सोडलं आणि हिरवं लुगडं बाहेर काढलं. काका म्हणाले, "आता कशाला थांबायचं?"

चौथ्या दिवशी गाडी जुंपली. अक्कानं आपल्या बोचक्यात दोन लुगडी, फणी, आणि तो फाटका झगा घातला. काकू म्हणाली, "ते चिंदूक कशाला? हितंच ऱ्हाऊ दे, पोतेऱ्याला हुईल." अक्का म्हणाली, "न्हाय, माझा हाय." मला वाटलं, आईच्या हातचा म्हणून नेते आहे. माया म्हणून. बऱ्याच वर्षांनी माझ्या ध्यानात आलं की तो आईच्या हाती लागू नये म्हणून तिनं नेला. आईनं एकदा चाचपला असता तर तिला कळलं असतं, आणि मग आईनं माझं काय केलं असतं कुणास ठाऊक. अक्का जाताना मला वाचवून गेली. गाडीत बसताना ती रडली नाही. मला म्हणाली, "आईजवळ बसत जा."

आई त्या दिवसापासून गाठींचा दोरा घेऊन बसायची. एकेक गाठ बोटांनी चाचपायची. खालाला विचारायची, "गाठ सरकली असंल का वं? म्या खांदा कमी धरला का?" खाला म्हणायची, "नक्को सोचो." पण ती विचार करायची. भाकरी थापता थापता तिचा हात थांबायचा आणि ती हवेत वितीनं काहीतरी मोजायची. ती स्वतःला बोल लावत होती आणि मी तिच्या शेजारी बसून, अक्कानं सांगितल्याप्रमाणं, भाकरी खात होते. मला माझी इतकी किळस कधी आली नाही.

दोन वर्षं झाली. दिवाळीला अक्काला पाठवलं नाही, पंचमीलाही नाही. एकदा कासार सांगत आला की पोर वाळलीय. काका एकदा जाऊन आले आणि तसेच शेतात निघून गेले. मग एके सकाळी वाशीकडून माणूस आला. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि त्यानं सांगितलं की पाय घसरला.

तेच दोन शब्द. त्यांनी ते बदलायचीही तसदी घेतली नव्हती.

दहाव्याला काका गेले. परत आले ते एक बोचकं घेऊन. ते त्यांनी आईच्या पुढ्यात ठेवलं आणि पहिल्यांदाच तिच्यासमोर उभं राहून म्हणाले, "माझं चुकलं." आईनं त्यांच्याकडं बघितलं नाही. बोचक्यात फणी होती आणि जांभळ्या चिटेचा झगा होता. काखेतली शिवण अक्कानं पुन्हा घातली होती, आईसारखीच बारीक.

कितीतरी दिवस आईनं त्याला हात लावला नाही. तोवर निजामाचं राज्य गेलं, नाका उठला, कळंबच्या बाजारात चिटेचे ढीग पुन्हा दिसायला लागले. खालाच्या घराला कुलूप लागलं, ती मंडळी कुठं गेली ते कळलं नाही. जाताना ती आमच्या दाराशी आली होती, पण आई शेतात होती. अंगुस्तान मात्र आमच्याकडंच राहिलं.

एका दुपारी आईनं झगा ओसरीवर घेतला आणि उसवला. एकेक टाका कापून सगळे तुकडे सुटे केले, पाठ, पोट, बाह्या, चौकोन, आणि जमिनीवर मांडले. मग गाठींचा दोरा काढला. मी जात्याजवळ डाळ निवडत होते. तिनं पाठीवर दोरा धरला. उभ्यात चार बोटं कमी. आडव्यात दोन. बाहीवर धरला, तिथंही उभ्यात जास्त कमी, आडव्यात थोडं. प्रत्येक तुकडा तसाच. कात्री चुकली तर एका जागी चुकते. गाठ सरकली तर एक माप चुकतं. सगळे तुकडे एकाच हिशेबानं कशानं कमी होतात, हे माझ्या आईला सांगावं लागणार नव्हतं.

तिनं मान वर केली. "ह्याला पानी दावलं व्हतंस का गं?"

मी बारा-तेरा वर्षांची होते. सांगता आलं असतं. तीन वर्षं ती स्वतःच्या हातांना शिव्या देत होती, आणि एका शब्दानं मी तिला सोडवू शकले असते.

"न्हाय," मी म्हणाले.

ती माझ्याकडं बघत राहिली. मी डाळीतले खडे बघत राहिले. मग दोरा गुंडाळत ती म्हणाली, "मंग माझ्याच हातानं चुकलं म्हनायचं."

दुसऱ्या दिवशी तिनं मला उभं केलं, नव्या दोऱ्यानं माझं माप घेतलं आणि त्याच तुकड्यांचं माझ्यासाठी पोलकं बेतलं. कात्री लावण्याआधी कापड भिजवायचा तिचा नेम होता. मी परात आणून ठेवली. तिनं परातीकडं बघितलं, हातानं बाजूला सारली आणि सरळ कात्री चालवली. ह्या कापडानं पाणी प्यायलंय, हे तिला ठाऊक होतं.

पोलकं शिवून झाल्यावर तिनंच ते माझ्या अंगात घातलं, गुंड्या लावल्या आणि पाठीवरून हात फिरवला. त्यानंतर तिनं सुई धरली नाही, आणि तो विषय मरेपर्यंत काढला नाही. मी ते पोलकं तिच्यासमोर दोन वर्षं घातलं. कितीही धुतलं तरी ते आटलं नाही. मला अगदी बरोबर बसायचं.